थॉर्किलची जर्सी पालीला येते

मित्रांनो, मी एक जुनी लाल जर्सी आहे. माझी पांढरी कॉलर आता चहाच्या रंगाची झाली आहे आणि पाठीवरचा आकडा अर्धा उडाला आहे. पण म्हणून मला हिणवू नका. मी डेन्मार्क देशाच्या फुटबॉल संघातली आहे. बीडजवळच्या पालीत येईपर्यंत मी जे पाहिले, ते आठवले की अजूनही माझी शिवण शहारते.

माझ्या मालकाचे नाव थॉर्किल. सामन्यासाठी त्याला दर वेळी नवी जर्सी मिळे, मी सरावाची. पण त्याचा जीव माझ्यावर होता. सामन्यालाही तो मला पिशवीत घालून नेई आणि मी मैदानाच्या कडेवरून सगळे पाही. सुरुवातीला तो डावीकडचा बचावपटू होता. मग उजवीकडचा गडी जायबंदी झाला, याला तिकडे पाठवले. पुढे बचावातली मधली जागा रिकामी पडली, तो तिथे गेला. एकदा तर देशाच्या मोठ्या सामन्यात त्याला बचावातून काढून पुढे मधल्या फळीत उभे केले, आणि समोरच्या नावाजलेल्या खेळाडूला त्याने अख्खा सामना हलू दिले नाही.

मला नवल वाटे, हा माणूस रागावत कसा नाही? जिथे हात बसला तिथून सारखे उठवले तर कुणाचेही डोके फिरेल. हा मात्र नव्या जागी जाऊन आधी आजूबाजूला नीट पाहून घेई आणि मग तिथलाच होऊन जाई. मी थक्क होऊन पाहत राही.

शेवटी त्याच्या गुडघ्याने साथ सोडली. टाळ्या वाजल्या, हारतुरे झाले आणि खेळ थांबला. पुढे घर आवरताना मी जुन्या कपड्यांत गेले. गाठोड्यात बसून समुद्र ओलांडला आणि बीडच्या बसस्टँडबाहेर फुटपाथवरच्या ढिगात येऊन पडले.

तिथून मला पालीच्या कडूबाईने उचलले. वाटले, आता पुन्हा एखाद्या खेळाडूच्या अंगावर जाणार. गेले ती करडाच्या अंगावर! कडूबाईच्या घरी शेळ्या होत्या आणि थंडीत नवजात करडाला जुना कपडा घालायची त्यांची रीत. पुढचे दोन पाय बाह्यांत, पोटाखाली गाठ. डेन्मार्कची जर्सी घालून ते करडू अंगणभर उड्या मारी. रडावे की हसावे, मला कळेना.

कडूबाईची मुलगी बबिता शाळेच्या फुटबॉल संघात होती. तिने माझ्या पाठीवरचा आकडा पाहिला.

"अगं आये, ही तर खेळाची हाय! करडाला दुसरं कायतरी घाल की."

तिने मला धुतले, बाह्या दुमडल्या, कमरेशी गाठ मारली. मी पुन्हा मैदानात आले.

बबिता पुढे खेळायची आणि गोल मारायची. बीडला शाळांच्या सामन्यातून जिल्ह्याच्या संघाची निवड होती. निवड झाली तर पुढेही खेळता येणार, नाही तर शाळा संपली की खेळही संपला, हे तिला पक्के ठाऊक होते. सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात बचाव सांभाळणारी रोहिणी पाय मुरगळून बसली. शाळेच्या भगवानराव सरांनी बबिताला तिच्या जागी मागे जायला सांगितले.

"मला कावून मागं घालता सर?" तिचे डोळे भरून आले. "मागं उभी ऱ्हायले तर मला कोण बघणार हाय?"

"दुसरं कुणीच न्हाई बाई माझ्याकडं," सर म्हणाले. "जा."

ती गेली. जाताना तिने माझी कमरेची गाठ घट्ट आवळली. तेवढ्यात समोरच्या संघाची चपळ संस्कृती चेंडू घेऊन सुटली. सगळ्या मुली चेंडूमागे धावल्या. बबिता मात्र भलतीकडेच निघाली.

"अगं पोरी, बॉलवर जा!" लोक ओरडले.

कडेला उभ्या असलेल्या तिच्या बापाने, सटवाने, तेवढे ओळखले, पोर शेळी वळवतेय. शेळी ज्वारीकडे सुटली तर तिच्यामागे पळायचे नसते. पळाले की ती आणखी उधळते. आपण आधी जाऊन पिकाच्या बाजूला बांधावर उभे राहायचे. बबिता लहानपणापासून हेच करत आली होती. संस्कृती वळली, तो समोर बबिता हजर! तिने पुढे होऊन चेंडू काढून घेतला. मग उजवीकडून हल्ला आला, ती तिथे. डावीकडून आला, ती तिथेही. थॉर्किलचे नावही न ऐकलेली ही पोर अगदी त्याच्यासारखी खेळत होती. मित्रांनो, मला बोट असते तर मी ते तोंडात घातले असते.

सामना बरोबरीत सुटला. एकही गोल झाला नाही. बबिता मान खाली घालून बसली, कारण गोल नाही म्हणजे निवड नाही, असे तिने धरूनच टाकले होते. निवड करायला आलेल्या बाई तिच्याजवळ आल्या.

"बाळ, तुझी जागा कोणती? पुढची की मागची?"

बबिता गडबडून उभी राहिली. "जिकडनं आत घुसाया बघत्यात ना बाई, तिकडची."

बाई हसल्या नाहीत. सरांकडे वळून म्हणाल्या, "हिला मी संघात घेतेय."

आता बबिताला संघाची नवी जर्सी मिळाली आहे आणि मी खुंटीवर असते. वाईट वाटते का? वाटते थोडे, खोटे कशाला बोलू? पण तुमच्याकडे माझे मागणे माझ्यासाठी नाही. गोल झाला की मारणाऱ्याचे नाव सगळेच घेतात. मित्रांनो, ज्या दिवशी गोल होणार नाही, त्या दिवशी घरी जाण्याआधी एवढे विचारा, तो अडवला कुणी?