पत्रातली चौथी ओळ

"बसू नका. उभ्या उभ्या बोला आणि चालू पडा," सासूनं दारातच सांगून टाकलं.

मॅडम उभ्याच राहिल्या. लढाईवरून परतलेल्या माणसांच्या घरी जायचं, त्यांचं ऐकायचं, त्यांच्या बायकापोरांचं ऐकायचं, हे त्यांचं एकोणीस वर्षांचं काम. दवाखान्याच्या कागदावर त्या समाजसेविका होत्या. लोक नुसतं मॅडम म्हणायचे, आणि चिडले की तोंडाला येईल ते.

सासूचा मुलगा मेजर टेबलापाशी बसला होता. फौजेत तो साधा शिपाई होता. मेजर ही बढती गल्लीनं दिलेली. परवा पोलीस येऊन त्याची परवान्याची बंदूक घेऊन गेले. बंदूक गेली तशी गोदामावरची पहारेकऱ्याची नोकरीही गेली. पोलीस आले ते मॅडमच्या पत्रावरून, आणि त्यांनीच दिलेली त्या पत्राची प्रत आता मेजरच्या हातात होती.

"पडली का थंडक?" मेजरची बायको किंचाळली. "चांगला कामाला जात होता माणूस! तुमच्या डोळ्यांत खुपलं ते?"

सोमवारी याच बाईनं न्हाणीघरात नळ मोठा सोडून त्यांना फोन केला होता. पाण्याच्या आवाजातून एकेक शब्द वेचावा लागला होता. बंदूक घरातून न्या. माझं नाव घेऊ नका. घेतलंत तर मी संपले.

आणि आज तीच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती. यातलं नाटक किती आणि खरं किती, मॅडमना कळेना. नोकरी तर खरीच गेली होती.

"थांब गं जरा." मेजरनं पत्रावर बोट ठेवलं. "ही चौथी ओळ. 'रात्री भरलेली बंदूक अंथरुणात घेऊन झोपतात.' आमच्या खोलीला आतून कडी असते. आई बाहेर झोपते. मग हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

एरवी एकेक पत्र मॅडम तीनतीनदा वाचायच्या. हे घाईघाईत लिहिलं होतं, बंदूक लवकर जावी म्हणून. आणि त्या घाईत त्यांनीच त्या बाईला उघडं पाडलं होतं.

सासूनं मान वळवून सुनेकडे पाहिलं.

"बोला ना, मॅडम. आता का दातखीळ बसली?" मेजर म्हणाला.

"तुम्हीच सांगितलंत," मॅडम म्हणाल्या.

"मी?"

"तिसऱ्या भेटीत. खिडकीबाहेर बघत बोलत होतात."

तिसऱ्या भेटीत तो तासभर अवाक्षरही बोलला नव्हता. पण लढाईत जवळच झालेल्या एका स्फोटापासून त्याचे दिवसच्या दिवस डोक्यातून गळून जायचे. कुठे होतो, काय बोललो, काही म्हणता काही आठवायचं नाही. घरात कुणाला पत्ता नव्हता. फक्त मॅडमना माहीत होतं, कारण त्यानंच एकदा विश्वासानं सांगितलं होतं.

मेजरचं बोट त्या ओळीवरून घसरलं.

"मी... बोललो असेन."

"बघा!" बायकोला एकदम कंठ फुटला. "स्वतःच जाऊन सगळं ओकायचं, आणि ही बया लिहून मोकळी! निघा! परत या दारात दिसलात तर बघा!"

"निघा म्हणते ना ती," सासू म्हणाली.

मॅडम बाहेर आल्या. चार पायऱ्या उतरल्या असतील, तोच मागं दार वाजलं. मेजर जिन्यात आला होता. दार त्यानं हळूच ओढून घेतलं.

"मॅडम," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आणखी काय काय बोललो मी?"

"एवढंच."

"नक्की ना?"

"नक्की."

त्यानं मान हलवली. पत्राची चौपदरी घडी घातली, खिशात ठेवली. मग शर्टाचं गळ्याचं बटण लावलं आणि दार उघडून ताठ आत गेला.