आप्पांची ओळ

"आगं, जित्या माणसाला मारलंस की तू!" रुद्रेशकाकांनी आपल्या लेकीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ माझ्या टेबलावर आपटलं. नवरी म्हणजे काकांच्या वडलांची, सोमलिंगआप्पांची, नात.

भूमच्या स्टँडसमोर माझं डीटीपीचं दुकान हाय. पत्रिका, हँडबिलं, सगळं मीच बसवते, आणि माझ्या हातचं काम परत येत न्हाय. म्हणून माझं डोकंच फिरलं. पण बघितलं तर खरंच घोळ झालेला. एका ओळीच्या शेवटी 'श्री. सोमलिंग, लिं.' आणि खालच्या ओळीत नुसतं 'पार्वतम्मा यांची नात'.

आमच्या लिंगायतांत वारलेल्या माणसाच्या नावाआधी 'लिं.' लिहितात, लिंगैक्य म्हणून, दुसरे 'कै.' लिहितात तसं. पार्वतम्मा, काकांची आई, परसाल गेल्या. त्यांचं 'लिं.' वरच राहिलं आणि नवऱ्याला चिकटलं. आप्पा गेले, अम्मा जिवंत! आणि आप्पा तर काठी टेकत माझ्या दुकानाची पायरी चढत होते.

"काका, माझ्यावर कशाला डाफरता? काल सगळं नीट बसलं होतं. मग 'मामाचं नाव ऱ्हायलं' म्हणून फोन कुणी केला? वर नाव घुसलं की खालचं सगळं सरकतंय."

"मग अम्माचं नाव काढ तिथून. वर चौकटीत टाक, गेलेल्या माणसांत. भानगडच नको."

आप्पा खुर्चीत बसले. प्रूफ डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि चक्क हसले. "मला मारलं त्याचं काय न्हाय रं रुद्रेश. पण तिला माझ्याजवळनं उठवू नको. या लग्नाची तिला लई हौस होती."

"आप्पा, कुणी उठवत न्हाय," म्या म्हणलं. "बघा तुम्ही."

'लिं.' आणि 'पार्वतम्मा' यांच्यातली साधी जागा काढून न तुटणारी जागा टाकली. ती टाकली की कॉम्प्युटर तिथं ओळ मोडत न्हाय. मग वाटलं, एवढ्यावरच कशाला थांबायचं? 'श्री.'पासून 'पार्वतम्मा'पर्यंत सगळ्याच जागा तशा केल्या. दोघांची नावं एका ओळीत आली. वरच्या ओळीतले शब्द जरा फाकले, तेबी आवळले.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. ईट गावाहून काकू बोलत होत्या. काका ओशाळं तोंड करून म्हणाले, "शिवरंजनी, साडूचं नाव ऱ्हायलंय म्हणं."

म्या गुमान वर साडूचं नाव घातलं. ओळी सरकल्या. सोमलिंग आणि पार्वतम्मा, दोघं सोबतच खालच्या ओळीत उतरले.

आप्पांनी स्क्रीनवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "आता घाल रं नावं, रुद्रेश. सगळा गाव घाल."