बेशरमवरची डॉक्टरकी

तिगाव स्टेशनचे पॉइंट्समन देवीदास यांची मुलगी इंदू नागपूरला एम.एस्सी. झाली होती. १९८४ च्या दिवाळीत तिला पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती मिळाल्याचं पत्र आलं. देवीदासांनी फलाटावर पेढे वाटले. तिथंच कुणीतरी विषय विचारला.

"लोधीखेड्याजवळच्या तलावातलं बेशरम काढाचं, अन् तलाव पयल्यासारखा कराचा," देवीदास म्हणाले.

"बेशरम उपटून डॉक्टर होते मानूस?" चहावाले भाऊराव म्हणाले. "मंग माही बायको त कवाचीच डॉक्टरीन झाली, देवीदासभाऊ."

देवीदास सगळ्यांबरोबर हसले. घरी आल्यावर मात्र हळूच म्हणाले, "बाई, गुलाबावर नव्हतं का काही?"

"गुलाबानं कोनाचा तलाव नाही बुजवला, बाबा," इंदू म्हणाली.

तो तलाव बेशरमच्या झुडपांनी अर्धाअधिक बुजला होता. दुरून पाहावं तर जांभळ्या फुलांचा ताटवा; जवळ जावं तर पाणी दिसायचं नाही. गुरं त्या पानांना तोंड लावत नसत, शिंगाड्याचे वेल कधीच मेले होते. इंदूनं काथ्याच्या दोऱ्यांनी चौकोन आखले, माणसं लावून बेशरम बुडापासून कापलं, फांद्यांचे भारे मोजले आणि तलावाच्या पाळीवर रचून ठेवले. वहीत सगळं नीट लिहिलं.

पाळीवर शेळ्या चारणारी जयवंता रोज हे बघायची आणि पदरात तोंड घालून हसायची.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही वं. तू कर तुहं."

पुढच्या जुलैत इंदूच्या मार्गदर्शक अनुराधा मॅडम नागपूरहून एसटीनं पाहणीला आल्या. तलावात खुंटांना नवे धुमारे फुटले होते. पाळीवरचे भारे तर कमरेइतके वाढून फुलायला लागले होते.

मॅडम पाळीवर चढल्या. "इंदू," त्या म्हणाल्या, "तलाव अपुरा पडला म्हणून पाळीवरही लागवड केलीस का?"

मॅडम गेल्या. इंदू दगडावर बसून रडली. वर्ष वाया गेलं होतं, आणि हे भाऊरावांच्या कानावर गेलं की काय होईल ते वेगळंच. जयवंता शेळ्या सोडून तिच्याजवळ येऊन टेकली.

"रडून कायले राहिली? नाव बेशरम कायच्यानं ठेवलं असन, तुले काय वाटते? जिथं फेकलं तिथं उगते ते."

"मंग तवाच काऊन नाही सांगतलं, मावशी?"

"तू शिकेल पोरगी. मले वाटलं, भारे वाहाची काही नवी पद्धत असन."

इंदूला रडता रडता हसू आलं. तिनं वही उघडली. जयवंता सांगत गेली: उन्हाळ्यात पाणी आटलं की मुळासकट खणायचं, फांदी मातीला टेकू द्यायची नाही, उघड्या खडकावर पसरायचं, मोडली की कडकन आवाज येईतो वाळवायचं. मग कुडाला वापरा नाहीतर जाळा.

१९८६ च्या मे महिन्यात इंदूनं अर्धे चौकोन जयवंताच्या पद्धतीनं केले आणि अर्धे तुलनेसाठी नुसते कापले. जयवंता छत्री घेऊन खडकावर बसायची आणि मजुरांवर ओरडायची. पाऊस आला. कापलेल्या चौकोनांत पुन्हा रान माजलं. खणलेल्या चौकोनांत चार-दोनच कोंब दिसले, ते जयवंतानं बोटांनीच उपटले. तिथं पाणी उघडं झालं. त्यात इंदूनं शिंगाडा लावला. पुढच्या हिवाळ्यात पाणकोंबड्या आल्या, तेव्हा आनंदाच्या भरात तिनं एकच पाणकोंबडी चुकून तीनदा मोजली.

प्रबंध तपासताना, खणायची पद्धत कुणाची हे सांगणाऱ्या ओळीवर मॅडम थांबल्या. "या जयवंता कोण? कोणत्या विद्यापीठाच्या?"

"लोधीखेड्याच्या," इंदू म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि ती ओळ तशीच राहू दिली.

१९८८ मध्ये तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली. इंदू बांधलेला प्रबंध घेऊन तलावावर गेली. जयवंताचं बोट धरून तिनं ते त्या ओळीवर ठेवलं.

"हे तुमचं नाव, मावशी."

जयवंतानं बोट हलवलं नाही. "माह्या बुढ्या नवऱ्याचं नाव हाये का याच्यात?"

"नाही."

"कुठीच नाही?"

"कुठीच नाही, मावशी."

"मंग दे इकडे," जयवंता पुस्तक काखेत मारत म्हणाली. "त्याले दाखवून आनतो."