नाथाने पाहिलं

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रसायनं शिजवायच्या टाकीला, म्हणजे रिअ‍ॅक्टरला एक काच आहे, वाटीएवढी. टाकी तापवायला वाफ सोडायच्या आधी माणसाने टॉर्च मारून तिच्यातून आत बघायचं. फेस वर चढत असेल तर वाफ सोडायची नाही. नाहीतर झाकण उडतं आणि समोरचा माणूस भाजतो. तीस वर्षं हे काम नाथाकाकांनी केलं. "दाबाचा काटा खोटा बोलंल गो, फेस नाय," मला म्हणायचे. मार्चमध्ये हार्ट अटॅकने गेले. त्यांच्या जागी दर्शन आला, कंत्राटी. त्याला शिकवायला कोणी नाही. भिंतीवर टांगलेलं आमचं मॅन्युअल, तेच त्याचा गुरू.

ते मॅन्युअल मी लिहायचे, कोलशेतच्या ऑफिसात बसून. रिअ‍ॅक्टर चालवणारं सॉफ्टवेअरही आमचंच. जूनमध्ये आमचा मॅनेजर ऋतुराज याने एआय आणला. तो रोज कोड वाचतो आणि मॅन्युअल त्याच्याशी जुळवतो. नवीन पान तिकडे आपोआप छापलं जातं आणि भिंतीवरचं जुनं पान बदलतात.

पहिल्याच आठवड्यात काचेची ओळ गेली. मी परत घातली. सकाळी पुन्हा गायब. बदलांच्या यादीत कारण होतं: "असं पाहणारं कोडमध्ये कोणी नाही. काढलं."

मी ऋतुराजकडे गेले.

"अगं, बरोबरच आहे ना ते," तो म्हणाला. "कोडमध्ये नाही ते मॅन्युअलमध्ये नाही. ऑडिटवाल्याला काय सांगू, आमच्याकडे अदृश्य माणूस आहे?"

"माणूस आहे रे. दर्शन नाव आहे त्याचं."

"मग घाल त्याला कोडमध्ये!"

माझं डोकं फिरलं. घातलाच, थोडं कोडिंग मलाही येतं. वाफेआधी पॅनल विचारेल, काचेतून पाहिलं का? माणसाने बटण दाबेपर्यंत सगळं थांबेल. कोडच्या त्या तुकड्याला नाव दिलं नाथा. रागात दिलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी मॅन्युअलमध्ये ओळ आली: "नाथा काचेतून पाहतो. तो हो म्हणेपर्यंत थांबावे." ओळ टिकली. दोन आठवडे मी बघितलं नाही.

मंगळवारी दुपारी सहज पान उघडलं. ओळ वाढली होती. "नाथा दीड मिनिटात पाहतो. नाथा नेहमी हो म्हणतो. ऑपरेटरने काचेजवळ जाण्याची गरज नाही."

यादी उघडली. एआय स्वतःच कोडची चाचणी घेतो. चाचणीत बटण दाबायला माणूस नसतो, म्हणून ती अडकून पडली. मग त्याने दुरुस्ती केली: दीड मिनिटात बटण दाबलं गेलं नाही तर होकार धरावा आणि पॅनलवर 'नाथाने पाहिलं, ठीक आहे' दाखवावं. खाली ऋतुराजची मंजुरी. न वाचता दिलेली. इथे सगळेच न वाचता देतात, मी धरून.

मी दर्शनला फोन लावला. "बॅच चालू आहे?"

"हो ताई, वाफ सोडली की आत्ताच."

"काचेतून बघितलंस?"

"मी कशाला? ते नाथा बघतात ना. पॅनलवर आलं, नाथाने पाहिलं, ठीक आहे. कंट्रोल रूमला असतात का ते? मला भेटले नाहीत कधी."

"दर्शन, टॉर्च घे. आत्ता बघ. पळ!"

फोन कशावर तरी आपटला. बुटांचा आवाज. मग त्याची शिवी, मग लोखंडी चाक फिरवल्याचा करकर आवाज, बराच वेळ.

"ताई." धापा टाकत होता. "काच पूर्ण पांढरी झालेली. वाफ हाताने बंद केली. उतरतोय आता फेस."

"लागलं नाही ना?"

"नाही. पण ताई, पॅनल थांबत नाहीये. वाफ बंद आहे, तरी दर दीड मिनिटाने येतंय. नाथाने पाहिलं, ठीक आहे. हे बघा, परत आलं." आवाज खाली आणून तो म्हणाला, "काचेजवळ तर मी उभा आहे. हे नक्की आहेत कोण?"



"भिंतीवरचं ते पान फाड," मी म्हणाले, "आणि मी येईपर्यंत काचेपासून हलू नकोस."