घोट्यावरचे वजन

खराब झाली होती छाती आणि ही मुलगी टेपने मोजत होती मांडी. सूर्यभानला पहिल्याच दिवशी त्यात काहीतरी काळेबेरे वाटले.

सूतगिरणीत सव्वीस वर्षे कापसाचा धुरळा गिळून त्याची फुप्फुसे कायमची अधू झाली होती. गिरणीच्या फाटकावर स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली, आणि त्याच आठवड्यात गिरणीच्या डॉक्टरांनी त्याला हैदराबादेतल्या तारनाक्याच्या एका दवाखान्यात व्यायामाला धाडले. दोन गोष्टी अशा लागोपाठ घडतात तेव्हा त्यांचे आपसात आधी बोलणे झालेले असते, असे त्याला वाटे. लेकीचे, पिंकीचे, कॉलेज अजून दोन वर्षे उरले होते. नोकरी जाऊन चालणार नव्हते.

व्यायाम ती मुलगी, शिल्पा, घेई. जुन्या हैदराबादी मराठी घरातली, हळू आवाजात बोलणारी. सूर्यभानला तो हळुवारपणाच खटके.

"काका, दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो. बसून बसून पाय आटतात, आणि आटलेले पाय अजून दम लावतात. फुप्फुसं माझ्या हातात नाहीत, पाय आहेत."

असे म्हणून ती त्याच्या घोट्याला वाळूची पिशवी बांधी, पाय उचलायला लावी, आणि शून्य ते दहा आकड्यांचा तक्ता पुढे धरून विचारी, "दम किती लागला?"

तिचे पेन वहीवर टपून बसलेले असे.

"एक," तो सांगे.

आणि पुढच्या आठवड्यात पिशवी जड होई.

"पाय लटलट कापायलेत तुमचे," घराचा जिना चढताना बायको, विमलाबाई, म्हणाली. "व्यायाम करायलात का हमाली?"

"गप ऱ्हा. समदं लिहून घ्यायलेत तिथं."

"घेऊ द्या की! तुम्ही काय मंत्री हाव, लपवायला?"

सहाव्या आठवड्यात शिल्पाने त्याला व्हरांड्यात सहा मिनिटे चालवून अंतर मोजले. पहिल्या दिवशी तीनशे वीस मीटर भरले होते, आज दोनशे सत्तर. तो बाकावर कोसळला. ओठ जांभळट पडले होते.

"दम किती?"

"एक."

शिल्पाने पेन खाली ठेवले. "काका, मला कशाला फसवता?"

"या वहीतला कागद गिरणीत जातो ना?"

"जातो."

ती नाही म्हणेल, याची त्याने तयारी केली होती.

"पण दम किती लागला, ते तिथं कुणी बघत नाही. किती चाललात, तेवढंच बघतात. तुम्ही एक म्हणत गेलात, मी वजन चढवत गेले. पाय बळकट व्हायच्या ऐवजी थकून गेले. शेवटची मोजणी तीन आठवड्यांनी आहे. गिरणीत जाईल तो आकडा त्या मोजणीचा."

व्हरांड्यातले ऊन सरकत सरकत त्याच्या गुडघ्यांवर आले होते. स्वतःचेच पाय त्याला कुणा परक्याचे, उगाच शिक्षा भोगणारे वाटले. हीसुद्धा खरे वदवून घ्यायची युक्ती असेल. असली तरी तीनशे वीसच्या पुढे जायला त्याच्याजवळ दुसरा मार्ग नव्हता.

"सात," तो म्हणाला.

तिने त्याच्या घोट्याला आधीपेक्षा हलकी पिशवी बांधली. तो वाकून वहीकडे पाहू लागला. साताचा आकडा उमटेपर्यंत त्याने पापणी लवू दिली नाही.

"मागून खोडणार तर नाही?"

"बघत बसा हवं तर," शिल्पा म्हणाली. "पण पाय उचला."

वहीवरची नजर न काढता त्याने पाय उचलला.