‘सांगायचं नाही’ म्हणणारे एकसष्ट जण

अंबडच्या एका कारखान्यात संजना केदारे नऊ वर्षं एचआरमध्ये क्लार्क होती. कारखान्यात विजेच्या स्विचगिअरचे सुटे भाग बनायचे आणि बराचसा माल परदेशी जायचा. यंदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिथल्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं नवीनच मागणी केली. तुमच्याकडे कोणकोणत्या समाजाचे लोक काम करतात, त्याचा तक्ता पाठवा. तो पाहूनच पुढच्या वर्षाचा करार होणार होता.

एचआर मॅनेजर शेखर सरांनी संजनाला केबिनमध्ये बोलावलं.

“त्यांच्या देशात वंश मोजतात. गोरे किती, काळे किती. आपल्याकडे वंश नाही, म्हणून पुण्याच्या सल्लागारांनी जातीचा फॉरमॅट करून दिलाय. खुला, ओबीसी, एससी, एसटी, इतर. तीनशे शहाऐंशी नावं आहेत. शुक्रवारपर्यंत भरून टाक.”

“म्हणजे प्रत्येकाला विचारायला लागेल सर.”

“विचारत कशाला बसतेस? आडनावावरून भर. तुला तर कळतंच की.”

‘तुला तर’ म्हणजे काय, हे संजनाला कळलं. तिचे वडील येवल्याला शिक्षक होते. कुणी आडून आडून विचारलं तर ते मोठ्यानं सांगायचे, “आम्ही बौद्ध.” तिनंही कधी लपवलं नव्हतं, टेबलावर बाबासाहेबांचा छोटा फोटो असायचा. पण म्हणून चारशे माणसांच्या जाती ओळखायचं कसब आपल्या अंगात आहे असं सरांना वाटावं, याचा तिला राग आला. तिनं तो गिळला आणि कामाचंच बोलली.

“सर, आडनावावरून नाही कळत. आपल्याकडे अहिरे आठ आहेत, जाधव एकवीस, निकम अकरा. ही आडनावं सगळ्या समाजांत आहेत. आणि फॉरमॅटच्या तळाशी लिहिलंय, ‘माहिती कामगारांनी स्वेच्छेने स्वतः दिली आहे.’ त्याखाली माहिती गोळा करणाऱ्याचं नाव आहे. माझं.”

सरांनी घड्याळ पाहिलं. “कर काय करायचं ते. पण बुधवारीच माझ्याकडे दे, मला बघून घ्यायला वेळ हवा.”

संजनानं चिठ्ठ्या छापून घेतल्या. पाच गट, आणि खाली सहावी चौकट तिनं स्वतःची घातली : ‘सांगायचं नाही’. प्रत्येक चिठ्ठीसोबत एक पाकीट. दोन दिवस ती शॉपमध्ये यंत्रांच्या आवाजात मोठमोठ्यानं समजावत फिरली. पाकीट बंद करून द्या. मी सोडून कुणी उघडणार नाही, तक्ता फक्त सरांकडे जाईल. नाही सांगायचं तर तशी खूण करा, कुणी काही विचारणार नाही.

लोकांनी भरून दिलं. कुणी मुख्य चौकटी सोडून कोपऱ्यात ‘मराठा’ लिहिलं, कुणी ‘भारतीय’. बौद्धांसाठी चौकट नव्हती म्हणून तिघांनी हातानं नवी चौकट आखून त्यात खूण केली. सुरगाण्याकडच्या एका मुलीनं विचारलं, “ताई, नुसतं एसटी का लिहू? आम्ही कोकणा.” संजना म्हणाली, “लिही कोकणा. मी बघते.” आणि एकसष्ट जणांनी खूण केली, ‘सांगायचं नाही’.

त्या एकसष्टांत प्रफुल्ल अहिरे होता. हा बागलाणातल्या नामपूरचा. आयटीआय करून अंबडला आला त्याला अकरा वर्षं झाली होती. प्रेस शॉपमधला सगळ्यांत हुशार ऑपरेटर, आणि पुढच्या महिन्यात लाइन लीडर होणार अशी बोलवा होती. त्याच्या नोकरीच्या फायलीतला शाळा सोडल्याचा दाखला संजनानं पूर्वी पाहिला होता, त्यामुळे तो बौद्ध आहे हे तिला माहीत होतं. तो कुणाला सांगत नाही हेही माहीत होतं. खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा राग यायचा. आपल्याच माणसानं असं तोंड चुकवावं का, असं वाटायचं. पण पाकीट घेताना ती एवढंच म्हणाली, “बंद राहील.”

“राहील ना मॅडम?” त्यानं विचारलं.

“माझा शब्द.”

बुधवारी दुपारी तिनं तक्ता सरांकडे दिला. सरांनी शेवटचा रकाना पाहिला. “हे एकसष्ट कोण? असं रिकामं कसं चालेल? सोळा टक्के माहितीच नाही असं दिसतं ते.”

“त्यांना नाही सांगायचं. फॉरमॅटमध्येच स्वेच्छा म्हटलंय.”

“बरं. ठेव.”

गुरुवारी सकाळी ती गेटातून आत आली, तेव्हा सुरक्षारक्षकापासून सगळेच तिच्याकडे जरा वेगळं पाहत होते. हजेरी नोंदवणाऱ्या वेळ कार्यालयातल्या सविताताईंनी तिला बाजूला घेतलं आणि स्वतःचा मोबाईल पुढे धरला. सुपरवायझर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या संध्याकाळी शेखर सरांनी एक्सेलची फाईल टाकली होती. नाव, टोकन नंबर, खातं, जात. खाली लिहिलं होतं, ‘सर्वांनी आपापल्या खात्याची यादी तपासून चुका कळवाव्यात.’

त्या एकसष्टांपैकी एकाचीही चौकट रिकामी नव्हती. सरांनी फायली काढून शाळेच्या दाखल्यांवरून जाती भरल्या होत्या. दाखला नव्हता तिथे आडनावावरून. बावीस सुपरवायझरांनी यादी पाहिली होती आणि त्यांच्यातल्या कुणीतरी ती कामगारांच्या ग्रुपवर पुढे ढकलली होती. यादीच्या तळाशी संजनाचं नाव तसंच होतं.

संजनानं मोबाईल सविताताईंच्या हातात परत दिला. ती तशीच केबिनमध्ये शिरली.

“सर, हे काय केलंत?”

“तपासून घेतलं. तुझंच काम सोपं केलं.”

“ज्यांनी सांगायचं नाही म्हटलं, त्यांच्या फायली उघडल्यात तुम्ही! आणि गावभर वाटल्यात!”

“गावभर काय? अंतर्गत ग्रुप आहे. आणि दाखल्यावर असतंच की ते. लपवायचं काय त्यात? लाज वाटते का त्यांना?”

“नोकरी लागावी म्हणून दिलेला दाखला आहे तो सर. तुमच्या ग्रुपवर टाकायला नाही दिलेला.”

“आवाज खाली,” सर म्हणाले. मग समजुतीच्या सुरात, “आणखी एक. ठेकेदाराची सफाई आणि लोडिंगची चौऱ्याहत्तर माणसं पण एकूणात धर. मी यादी मागवलीय. आपले एससी नऊ टक्केच येतायत. ते धरले की एकवीस होतात. दिसायला बरं दिसतं.”

ती चौऱ्याहत्तर माणसं. त्यांना कॅन्टीनचं जेवण नव्हतं, गणवेश नव्हता, कंपनीच्या बसमध्ये जागा नव्हती. का, तर ती ठेकेदाराची. आणि तक्त्यासाठी मात्र ती आता कंपनीची झाली होती.

संजना मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये गेली. सफाईच्या बायका डबा खात बसल्या होत्या. त्यांच्यात साळूबाई सगळ्यांत जुन्या, चौदा वर्षं इथले संडास आणि शॉप झाडणाऱ्या. संजनानं त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, “ठेकेदारानं तुम्हाला जात विचारली होती का?”

“नाय बा. इचारायचं काय त्यात?” साळूबाई म्हणाल्या. “लिही, मातंग. आम्ही लपवून कुठं जानार? हातात झाडू दिसतोच हाय. इथं एकतीस जनी हाईत, त्यातल्या दोघी-तिघी सोडल्या तर समद्या आपल्यातल्याच. का गं बाई, दुसरं कुनी झाडू मागायलाच येत नाय का?”

बाकीच्या हसल्या. संजनाला हसू आलं नाही. तिनं त्यांच्या परवानगीनं एकेकीचं नाव आणि त्यांनी सांगितलं तेच लिहून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये प्रफुल्ल एकटा बसला होता. अकरा वर्षं त्याच्याबरोबर जेवणारे चौघे पलीकडच्या टेबलावर होते. त्यातला एक जण येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून गेला. “अरे, सांगायचं ना आधी! आम्ही कुठं काय मानतो?” आणि परत जाऊन तिथंच बसला.

संजना समोर जाऊन उभी राहिली. “प्रफुल्ल, मी नाही केलं हे.”

“नाव तुमचं आहे खाली.”

“मला विचारलं नाही. माझ्या माघारी...”

“बंद राहील म्हणाला होतात.” तो शांतपणे बोलायचा प्रयत्न करत होता, पण आवाज फुटला आणि गावची बोली वर आली. “मनी जात मनी शे. ती कोणले सांगानी, कोणले नही, ते मी ठरावसू!”

सगळं कॅन्टीन वळून पाहायला लागलं. प्रफुल्ल ताट तसंच ठेवून उठला.

त्याला खोली पाथर्डी फाट्याला होती. घरमालक कारखान्यातल्याच एका सुपरवायझरचा मेहुणा. दोन वेळा नकार ऐकून तिसऱ्या खेपेला अहिरे या आडनावावर ही खोली मिळाली होती. मालकानं विचारलं, बागलाणातले का? प्रफुल्ल हो म्हणाला, आणि म्हणजे मराठाच, हे मालकानं स्वतःच गृहीत धरलं होतं. मुलगी समोरच्याच शाळेत जायची. शनिवारी सकाळी मालक दारात आला. पुतण्याचं लग्न ठरलंय, खोली लागणार, महिनाअखेर बघा दुसरीकडे. पुतण्या आठवीत होता.

हे संजनाला सविताताईंकडून कळलं. त्या दिवशी पहिल्यांदा तिला वाटलं, की न लपवणं आपल्याला परवडलं, कारण सिडकोतलं घर वडिलांच्या नावावर होतं. कुणाच्या दारात उभं राहून तिला कधी खोली मागावी लागली नव्हती.

सोमवारी गिऱ्हाइकाच्या लोकांबरोबर व्हिडिओवर बैठक होती. सरांनी संजनाला मुद्दाम बोलावलं. “तू समोर बस. एचआरमध्ये पण प्रतिनिधित्व आहे हे दिसू दे. बोलायचं काही नाही.” पडद्यावर परदेशातली दोघं जणं आणि पुण्याच्या सल्लागार बाई होत्या. सरांनी रंगीत आलेख दाखवला. एकवीस टक्के. परदेशातले गृहस्थ म्हणाले, फार छान, आणि ही माहिती लोकांनी स्वतःहून दिली ना?

“हो, पूर्णपणे,” सर म्हणाले. “ह्या आमच्या संजना, यांनीच गोळा केली.”

संजना उभी राहिली. तिचं इंग्रजी अडखळत होतं, तरी तिनं थांबून थांबून पूर्ण सांगितलं. तीनशे पंचवीस जणांनी स्वतः दिली. एकसष्ट जणांनी नाही म्हटलं, त्यांची फायलींतून चोरली आणि मोबाईलवर वाटली. त्यातल्या एकाचं घर गेलंय. आणि ही चौऱ्याहत्तर माणसं आमच्या पटावर नाहीत, फक्त या आलेखात आहेत.

“संजना, बस!” सर म्हणाले आणि माईक बंद करायला सरसावले. तिनं हातातला कागद कॅमेऱ्यासमोर धरला. ज्यांनी आपणहून सांगितलं होतं त्यांच्यापुरताच, पदांनुसार केलेला तक्ता. अधिकारी सत्तावीस, एससी एकही नाही. सुपरवायझर बावीस, एससी एक. सफाईवर एकतीस, एससी अठ्ठावीस.

“तुम्हाला मोजायचंय ना?” ती म्हणाली, आणि आता ती मराठीतच बोलत होती, “मग कोण किती आहेत एवढंच नका विचारू. कोण कुठं आहे ते विचारा.”

सल्लागार बाईंनी ते वाक्य इंग्रजीत करून सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, हे त्यांचं मानायला हवं.

तक्ता परत आला. नव्यानं, नाव न घेता, पदांनुसार माहिती द्या असा निरोप आला. करार मोडला नाही. शेखर सरांना कुणी काही म्हटलं नाही. संजनाची मात्र आठ दिवसांत गेटाजवळच्या वेळ कार्यालयात बदली झाली. त्याच दिवशी सूचनाफलकावर चार ओळींचा कागद लागला : ‘तांत्रिक चुकीमुळे काही कर्मचाऱ्यांची माहिती प्रसारित झाली. गैरसोयीबद्दल दिलगिरी.’

लोक वाचून पुढे जात होते. पहिली पाळी सुटल्यावर प्रफुल्ल फलकासमोर थांबला. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि कागदाखाली मोकळ्या जागेत लिहिलं, ‘ही तांत्रिक चूक नव्हती. आम्ही नाही म्हटलं होतं.’ खाली सही केली आणि कंसात टोकन नंबर घातला. मागे उभ्या असलेल्या एका जाधवनं पेन मागून घेतलं. तो मराठा होता आणि यादीत सरांनी त्याला आडनावावरून एससीत टाकलं होतं. “मला चुकीचं लिहिलं म्हणून नाही,” तो म्हणाला, “विचारलं नाही म्हणून.” संध्याकाळपर्यंत चौतीस सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तो कागद काढून टाकलेला होता. पण सह्या करणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळीच त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता, त्याची प्रत त्यांनी कंपनीच्या मोठ्या साहेबांना रजिस्टर पोस्टानं पाठवली. उत्तर अजून आलेलं नाही. लाइन लीडर दुसराच कुणी झाला.

महिनाअखेरच्या रविवारी प्रफुल्लनं सामान हलवलं. सातपूरच्या वस्तीत खोली मिळाली होती, पाण्याची ओढ असलेली आणि शाळेपासून लांब. संजना सकाळीच मदतीला गेली. कुणी बोलावलं नव्हतं. प्रफुल्ल टेम्पोत कपाट चढवत होता, त्यानं तिला पाहून नुसती मान हलवली.

दारात त्याची बायको सृष्टी भांडी गोणपाटात बांधत होती. तिनं हातातली गाठ अर्धी सोडून संजनाकडे पाहिलं.

“तुम्ही तिथं बोललात ते ह्यांनी सांगितलं,” ती म्हणाली. “बरं केलंत. पण ताई, तुमचा शब्द होता. घर आमचं गेलं.”

क्षमा मागावी तर तो शब्द फलकावरच्या कागदासारखा वाटला असता. संजना खाली बसली आणि तिनं गोणपाटाचं दुसरं टोक धरलं. सृष्टीनं ते सोडवून घेतलं नाही. वरच्या मजल्यावरून मालक गॅलरीत येऊन उभा राहिला होता, सामान सगळं जातंय ना ते बघत.

“बघू दे,” सृष्टी मोठ्यानं म्हणाली, “आम्ही बौद्ध आहोत हो काका! चार वर्षं तुमच्या घरात राहिलो, काही झालं नाही तुमच्या घराला!”

मालक आत गेला. सृष्टीनं गाठ आवळली आणि गोणपाट दोघींनी मिळून उचललं.