खिडकीकडची रांग

मला एका जागी बसवत नाही. माझा नवरा गॉर्डन म्हणतो, “ऱ्होना, तुझ्या खुर्चीत कुणी मुंग्या सोडल्यात का?” म्हणू दे. सव्वीस वर्षं गणित शिकवलंय ते उभ्यानं, आणि बसून काही शिकायची वेळ आली की माझं डोकंच फिरतं.

नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी नेमकं तेच होतं. पोरांना सुट्टी, मास्तरांना प्रशिक्षण. आम्ही स्वतः अजून शिकतोय हे दर वर्षी पस्तीस तास दाखवायचं, आणि पाच वर्षांनी त्यावर हेडची सही झाली की शिक्षक म्हणून नोंदणी पुढे चालू. यंदा माझं पाचवं वर्ष. ग्रंथालयात खुर्च्या गोल मांडल्या होत्या, कुणीतरी घरून स्कोन भाजून आणले होते, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘वर्गातला प्रत्येक आवाज’. ह्या विषयाचे बारा तास तर मी उन्हाळ्यातच उरकले होते. बाहेर समुद्रावरून वारा असा सुटलेला की तावदानं थडथडत होती, आणि आत सगळे पुटपुटत होते. हल्ली सगळेच पुटपुटतात. पोरं, बातम्यावाले, गॉर्डन. तोंड उघडून बोलायला पैसे पडतात का यांना?

माझ्या फायलीत एक फॉर्म होता. मॉर्वेन कावी, वय सोळा. तिला हायर, म्हणजे वरच्या पातळीच्या गणिताच्या वर्गातून काढून सोप्या वर्गात पाठवावं, ही माझीच शिफारस. कारणाच्या रकान्यात मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: ‘वर्गात सहभाग नाही. विचारल्यास उत्तर देत नाही.’ मुलीची सही झाली होती, आईची झाली होती. माझी राहिली होती. एक वाजेपर्यंत फॉर्म ऑफिसात गेला की सोमवारपासून बदल.

सही माझ्याच्यानं होत नव्हती. पोरीच्या घरात तीन पिढ्या मासेमारीच्या बोटीवर गेल्या, आणि हिला मोठ्या जहाजावर अधिकारी व्हायचंय. तिला हवा तो कोर्स हायर गणिताशिवाय मिळायचा नाही. पण चाचणीत काठावरचे मार्क आणि वर्गात तोंडातून शब्द नाही, अशा मुलीला मी मे महिन्यातल्या परीक्षेला कशी जुंपू? सकाळपासून पेन काढत होते आणि परत ठेवत होते.

“फॉर्मचं बघ हं, ऱ्होना,” आमच्या हेड, लॉर्ना, जाता जाता म्हणाल्या. “एकच्या आत.”

“बघतेय!” मी जरा जास्तच जोरात म्हटलं. दोघंतिघं वळून बघायला लागले.

मग जोड्या करून बसायचं होतं. आदल्या दिवशी आम्ही एकमेकांच्या वर्गात मागे बसून नोंदी केल्या होत्या, त्या आता एकमेकांना दाखवायच्या. माझ्या वर्गात बसली होती कर्स्टन डूथी. पोरगी उमेदवारीच्या वर्षात आहे, माझ्या हाताखाली. उन्हाळ्याआधी तिचा अहवाल मीच लिहायचा. नोंदी कशा करायच्या हेही तिला मीच शिकवलेलं. विशेषण लिहायचं नाही, मत लिहायचं नाही, दिसलं आणि ऐकलं तेवढंच लिहायचं.

“दे इकडे,” मी म्हटलं. “बाईंचा आवाज चढतो, एवढंच ना? तो चढतोच.”

कर्स्टन हसली नाही. कागद तिनं मांडीवर पालथा धरला होता. “ऱ्होना, आपण बाहेर बसू या का?”

“कशाला? माझ्या वर्गात काय खून पडला का?”

“बसू या ना, प्लीज.”

कॉरिडॉरमध्ये आलो. मी रेडिएटरला टेकून उभी राहिले, ती माझ्या उजव्या हाताला. तिनं कागद दिला. तिनं वर्गाचा नकाशा काढला होता, प्रत्येक बाकाला एक चौकोन. मी कुणाला विचारलं की माझ्याकडून त्या चौकोनाकडे बाण, कुणी बोललं की चौकोनाकडून माझ्याकडे बाण. दाराकडच्या बाजूला बाणांचं जंगल झालं होतं. खिडकीकडच्या, माझ्या डाव्या हाताच्या रांगेकडे माझा एकही बाण नव्हता. तिकडून मात्र बाण येत होते. मॉर्वेनच्या चौकोनातून चार. आणि खाली बारीक अक्षरात:

‘१०.१२. मॉर्वेन: उणे तीन. शिक्षिका: कुणालाच येत नाही का?’

‘१०.१९. मॉर्वेन: दोन्ही बाजूंना भागायचं. शिक्षिका: गप्प का सगळे?’

पुढची दोन वाचवेनात. चारही उत्तरं बरोबर होती.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. “हे खोटं आहे! पुटपुटली असेल ती. हल्ली सगळे—”

“मी सगळ्यात मागे बसले होते,” कर्स्टन म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती मागे हटली नाही. “मला ऐकू आलं, ऱ्होना. माझ्या अहवालावर सही तुमची असणार, माहीत आहे मला. सकाळी दोनदा हा कागद फाडायला घेतला होता.”

“मग फाडला का नाहीस?”

“तुम्हीच सांगितलं होतं ना, ऐकलं तेवढं लिही म्हणून.”

मी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले, परत आले, परत गेले. स्वयंपाकघरातल्या खणात, रबरबँड आणि जुन्या बॅटऱ्यांच्या खाली, हॉस्पिटलचं एक पत्र पडलंय. कान तपासायला या. एप्रिलचं. त्यानंतर आणखी एक आलं, तेही त्याच खणात. टीव्हीचा आवाज मोठा केला की गॉर्डन दुसऱ्या खोलीत जातो, आणि मी म्हणते, जा. उशीवर उजव्या कुशीला झोपले की घर कसं शांत शांत होतं, हे मला केव्हापासून माहीत आहे! मी घाबरले होते. पोराचं उत्तर ऐकू न येणारी मास्तरीण कोण ठेवून घेईल? आणि त्या भीतीपायी मी एका पोरीच्या कपाळी लिहून मोकळी झाले की ही बोलत नाही.

घड्याळात बारा वीस झाले होते. मी कोटसुद्धा न घेता बाहेर पडले.

सुट्टीच्या दिवशी मॉर्वेन बंदरावरच्या बेकरीत काम करते. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी काढलं, केसांचं घरटं केलं, आणि मी धापा टाकत दुकानात शिरले. काउंटरपुढे दोन कोळी उभे होते. त्यांच्या कडेनं मी पुढे घुसले.

“बटरी पाव संपले, मिस,” मॉर्वेन म्हणाली.

“पाव नकोयत मला.” मी मान वळवून उजवा कान तिच्याकडे केला. “काल तू वर्गात चार उत्तरं दिलीस.”

“हो.”

“चारही बरोबर होती.”

“हो ना,” ती म्हणाली. बोलली ती अगदी स्वच्छ, खणखणीत. पुटपुटणं नाही, काही नाही.

“मला ऐकू नाही आली ती. डाव्या कानानं मला येतच नाही ऐकू. मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. तू बोलत नाहीस असं मी लिहून दिलं, ते चूक होतं. माझं चुकलं, मॉर्वेन.”

एक कोळी खोकला आणि केकांकडे बघायला लागला. मॉर्वेननं हात ॲप्रनला पुसले.

“कानाचं माहीत आहे, मिस. सगळ्या वर्गाला माहीत आहे.”

“अगं, मग कुणी एका शब्दानं बोललं का नाही मला?”

“मी बोलले होते,” ती म्हणाली. “दोनदा. तुमच्या टेबलापाशी येऊन. या बाजूला उभी होते.” तिनं स्वतःच्या डाव्या कानाला हात लावला.

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडूही. भर दुकानात, त्या कोळ्यांसमोर. “आणि फॉर्मवर सही कशाला केलीस मग?”

“तुम्ही लिहिलं होतं ना. आई म्हणाली, बाईंना जास्त कळतं.”

हे मात्र चाबकासारखं बसलं. मी फॉर्म काढला आणि तिच्यासमोर चार तुकडे केले. “सोमवारी दाराकडच्या पहिल्या बाकावर बस. तिथलं मला ऐकू येतं.”

“मी का जागा बदलू?” ती म्हणाली. “तिथून समुद्र दिसत नाही. तुम्हीच खिडकीशी उभ्या राहा ना, मिस.”

आगाऊ कार्टी! पण बरोबर बोलत होती.

एकला पाच मिनिटं असताना मी लॉर्नाच्या दारात होते. “फॉर्म येणार नाही,” मी म्हटलं, “आणि मला कान तपासायला जायचंय. एक तास कुणाला तरी माझा वर्ग द्यावा लागेल.” त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला बसायला सांगितलं. मी बसले. सगळं सांगून होईपर्यंत बसले, म्हणजे विचार करा.

सोमवारी मी टेबल ओढून खिडकीशी नेलं. सगळा वर्ग आता माझ्या उजव्या हाताला. पोरं एकमेकांना कोपरं मारत होती, आणि मी उभ्या जागी चुळबुळत होते, पहिल्या वर्षीसारखी.

“मॉर्वेन,” मी म्हटलं. “तिसरं गणित.”

तिनं वहीत बघितलं, माझ्याकडे बघितलं. “उणे सात.”

आलं ऐकू. शब्दन् शब्द. मला तिला मिठीच मारावीशी वाटली.

“चूक,” मी म्हटलं. “चिन्ह बघ. परत कर.”

तिनं तोंड वाकडं केलं, आणि परत करायला घेतलं.